रान्मा १/२ : विनोदी ॲनिमेवरील फायटिंग गेम आणि परदेशात हरवलेला नायक

अहमदी (कुवेत) : 'रान्मा १/२' ही जपानी विनोदी चित्रमालिका १९८९ ते १९९२ या काळात जपानमध्ये दाखवली गेली. तिच्यावर आधारलेले तीन फायटिंग गेम १९९२ ते १९९४ दरम्यान निन्टेन्डोच्या सुपर फॅमिकॉम या यंत्रासाठी प्रसिद्ध झाले. पहिला खेळ अमेरिकेत नेताना त्यातील सर्व पात्रे पुसून त्या जागी नवी पात्रे बसवण्यात आली. दुसरा खेळ मात्र मूळ नावानिशी तेथे पोहोचला, तर तिसऱ्याची इंग्रजी आवृत्ती त्या काळी निघालीच नाही. एकाच मालिकेच्या या तीन निरनिराळ्या प्रवासांमुळे व्हिडिओ गेमच्या इतिहासात या खेळांना त्यांच्या गुणवत्तेपेक्षा अधिक महत्त्व आले आहे.

ऑक्टोबर २०२४ पासून या कथेची नवी ॲनिमे आवृत्ती नेटफ्लिक्सवरून जपानबाहेरही दिसू लागली. त्यामुळे फहाहील, मंगफ, महबूला किंवा अहमदी येथील भारतीय घरांत वाढणाऱ्या मुलांच्या तोंडी हे नाव ऐकू येणे आता स्वाभाविक आहे. ही मूळ कथा काय, खेळ कसे घडले, त्यांचे रूपांतर कोठे फसले आणि जुनी कार्ट्रिज आज कुवेतात चालवायची झाल्यास कोणती काळजी घ्यावी, याची माहिती पुढे दिली आहे.

मूळ कथा

'रान्मा १/२' ही रुमिको ताकाहाशी यांची चित्रकथा. शोगाकुकान या प्रकाशनसंस्थेच्या 'शोनेन संडे' साप्ताहिकात ती १९८७ ते १९९६ अशी नऊ वर्षे क्रमशः प्रसिद्ध झाली आणि पुढे तिचे ३८ खंड निघाले. ताकाहाशी यांचा जन्म १९५७ मध्ये निगाता येथे झाला. 'उरुसेई यात्सुरा', 'मेझों इक्कोकु' आणि 'इनुयाशा' या त्यांच्या अन्य गाजलेल्या चित्रकथा होत. २०१९ मध्ये फ्रान्समधील आंगुलेम चित्रकथा महोत्सवाचा सर्वोच्च सन्मान त्यांना लाभला.

कथेचा नायक रान्मा साओतोमे हा किशोरवयीन मल्ल आहे. वडील गेन्मा यांच्यासह चीनमध्ये युद्धविद्येचा सराव करीत असताना दोघेही जुसेंक्यो नावाच्या शापित कुंडांत पडतात. त्या कुंडांपैकी ज्यात जो प्राणी बुडून मेला असेल, त्याचे रूप पडणाऱ्यास प्राप्त होते. तेव्हापासून थंड पाणी अंगावर पडले की रान्माची मुलगी होते आणि गरम पाणी ओतले की तो पुन्हा मुलगा होतो. वडिलांचा याच नियमाने पांडा होतो. नावातील '१/२' ही खूण या अर्ध्यामुर्ध्या अवस्थेची आहे. जपानी भाषेत तिचा उच्चार 'निबुन नो इचि', म्हणजे 'दोन भागांतील एक', असा होतो.

टोकियोतील नेरिमा भागात तेंदो कुटुंबाची तालीम आहे. तेथील धाकटी मुलगी आकाने हिच्याशी रान्माचे लग्न दोघांच्या वडिलांनी परस्पर ठरवून टाकलेले असते आणि ते दोघांनाही मान्य नसते. या घरात एकामागून एक प्रतिस्पर्धी येऊन थडकतात. दिशांचे भान नसलेला रियोगा पाण्याने काळे डुकराचे पिल्लू होतो, चिनी मल्लकन्या शाम्पू मांजर होते आणि चष्म्यावाचून काही न दिसणारा मूस बदक होतो. ओकोनोमियाकी हा जपानी धिरड्यासारखा पदार्थ करणारी उक्यो आपला अवाढव्य उलथणाच शस्त्र म्हणून वापरते. प्रत्येकाला कोणाशी तरी लढायचे असते आणि कोठून तरी पाणी सांडतच असते. विनोदाची सारी यंत्रणा या दोन गोष्टींवर चालते.

मराठी वाचकाला ही कल्पना सर्वस्वी परकी वाटू नये. भागवताच्या नवव्या स्कंधात सुद्युम्न राजा शिवपार्वतींच्या क्रीडावनात शिरताच स्त्री होतो आणि पुढे वरदानाने एक महिना पुरुष व एक महिना स्त्री असा राहतो. आचार्य अत्र्यांच्या 'मोरूची मावशी'त किंवा १९८८ च्या 'अशी ही बनवाबनवी' चित्रपटात देह बदलत नाही, फक्त लुगडे बदलते. परंतु पुरुषाला बाई समजले गेल्यावर उडणारी तारांबळ त्याच जातीची आहे. रान्माच्या कथेत पुराणातील देहबदल आणि फार्सातील तारांबळ एकत्र आली आहे.

ॲनिमे

या कथेवरील ॲनिमे एप्रिल १९८९ मध्ये जपानच्या फुजी दूरचित्रवाणीवर सुरू झाली. पहिली मालिका १८ भागांनंतर थांबली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून 'नेत्तोहेन' या उपनावाने दुसरी मालिका सुरू झाली आणि ती सप्टेंबर १९९२ पर्यंत १४३ भाग चालली. दोन्ही मिळून १६१ भाग होतात. ॲनिमेशनचे काम स्टुडिओ डीनचे होते. मुलगा असलेल्या रान्माला काप्पेई यामागुची यांनी, तर मुलगी झालेल्या रान्माला मेगुमी हायाशिबारा यांनी आवाज दिला. २०२४ च्या नव्या आवृत्तीची निर्मिती मापा या स्टुडिओने केली असून तीत हेच दोन कलावंत पस्तीस वर्षांनी पुन्हा त्याच भूमिकांत परतले आहेत.

विनोदी मालिकेचा फायटिंग गेम का झाला?

सुपर फॅमिकॉम हे यंत्र नोव्हेंबर १९९० मध्ये जपानमध्ये विक्रीस आले. आपल्याकडे ज्याला सर्रास 'कॅसेट' म्हटले जाई, ते प्लास्टिकचे कार्ट्रिज वरच्या खाचेत बसवून यंत्र टीव्हीला जोडायचे, अशी त्याची रचना होती. १९९१ मध्ये कॅपकॉम कंपनीचा 'स्ट्रीट फायटर टू' हा खेळ सार्वजनिक खेळघरांत आला आणि समोरासमोर उभ्या राहिलेल्या दोन पात्रांची लढत हा प्रकार रातोरात लोकप्रिय झाला. जून १९९२ मध्ये तो सुपर फॅमिकॉमवर आला. या आवृत्तीच्या जगभरात ६० लाखांहून अधिक प्रती खपल्या.

या लाटेत प्रत्येक कंपनी लढाऊ पात्रांच्या शोधात होती. फायटिंग गेमला आठदहा पात्रे लागतात. प्रत्येकाचे शरीर, शस्त्र, चाल आणि खास डाव वेगळा असावा लागतो आणि प्रत्येकाला दुसऱ्याशी भांडण्याचे कारण असावे लागते. 'रान्मा १/२'मध्ये हे सारे तयारच होते. एकाजवळ उलथणे, दुसऱ्याजवळ बाहीत दडवलेल्या साखळ्या, तिसरा चक्क पांडा. ही पात्रे पडद्यावर उभी केली की खेळाचा आराखडा जवळजवळ पूर्ण होत असे.

एक अडचण मात्र होती. फायटिंग गेममध्ये कथा सांगायला वेळ नसतो. फेरी सुरू होते, एकाची ताकद संपते, फेरी संपते. विनोदाला लागणारा विराम, गैरसमज आणि योगायोग या चौकटीत मावत नाहीत. म्हणून विनोद पात्रांच्या रूपात, त्यांच्या डावांत आणि पराभवानंतरच्या चेहऱ्यांत साठवावा लागतो. अशा खेळात पात्राचे चित्र हाच विनोद असतो. चित्र काढून घेतले तर मागे फक्त ठोसे उरतात. पुढे अमेरिकेत जे झाले ते समजण्यासाठी ही गोष्ट ध्यानात घ्यावी लागते.

तीन खेळ

पहिला खेळ 'चोनाई गेकितोहेन' मार्च १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. नावाचा अर्थ साधारणपणे 'आळीतली घनघोर लढाई' असा होतो. एनसीएस कंपनीने तो आपल्या मासाया या नाममुद्रेखाली काढला. ध्यानात घेण्यासारखी बाब म्हणजे 'स्ट्रीट फायटर टू' सुपर फॅमिकॉमवर येण्याच्या सुमारे अडीच महिने आधी हा खेळ बाजारात होता. घरगुती यंत्रावर या प्रकाराचे संकेत अद्याप पक्के व्हायचे होते, आणि तो काहीसा अवघडलेला वाटतो याचे एक कारण हे असावे. एकट्याने खेळताना नायक रान्माच असतो. इतर पात्रे दोघे मिळून खेळताना निवडता येतात.

दुसरा खेळ 'बाकुरेत्सु रान्तोहेन' त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मासायाच्याच नाममुद्रेखाली आला. 'स्फोटक धुमश्चक्री' हा त्याच्या नावाचा भावार्थ. पहिल्याच्या तुलनेत येथे पात्रे मोठी, चित्रे ठसठशीत आणि हालचाली अधिक नेमक्या आहेत. मुलगा रान्मा आणि मुलगी रान्मा हे येथे दोन स्वतंत्र लढवय्ये म्हणून निवडता येतात. रियोगा, शाम्पू, उक्यो, मूस आणि पांडारूपातील गेन्मा हेही आहेत. 'स्ट्रीट फायटर'च्या सवयीने बसणाऱ्याला यातील एक गोष्ट लगेच खटकते : उडी मारण्यासाठी दिशादर्शक कळ वर ढकलायची नसून वेगळे बटण दाबायचे असते. पहिली काही मिनिटे हात चुकतात, मग सवय होते.

तिसरा खेळ 'चोगी रान्बुहेन' एप्रिल १९९४ चा. तो रुमिक सॉफ्टने घडवला. तोवर फायटिंग गेमचे तंत्र बरेच पुढे गेले होते आणि त्याचा लाभ या खेळाला मिळाला. आकाने यात लढवय्यी म्हणून खेळता येते. वेग, डावांची जुळणी आणि चित्रांचा दर्जा या तिन्ही बाबतींत जाणकार त्याला या मालिकेतील सर्वोत्तम मानतात. यानंतर १९९६ मध्ये प्लेस्टेशनवर 'बॅटल रेनेसान्स' हा त्रिमितीय खेळ आला. परंतु कागदावरच्या रेषेचा जो गोडवा जुन्या कार्ट्रिजमध्ये उतरला होता, तो त्या काळातील खडबडीत त्रिमितीय आकृत्यांत उतरणे अवघड होते.

स्टीव्हन कोण?

'चोनाई गेकितोहेन' १९९३ मध्ये 'स्ट्रीट कॉम्बॅट' या नावाने अमेरिकेत आला. प्रकाशक होता 'आर-टाइप' या अंतराळयुद्धाच्या खेळामुळे प्रसिद्ध असलेला आयरेम. या आवृत्तीत रान्मा नव्हता. त्याच्या जागी स्टीव्हन नावाचा अमेरिकी वळणाचा नायक उभा होता. इतर पात्रांची चित्रे आणि नावेही बदलली होती, संगीतही नवे होते. खेळाचा मूळ सांगाडा, म्हणजे लढतींची रचना आणि डावांचा हिशेब, मात्र तोच राहिला.

त्या वेळी अमेरिकेत 'रान्मा' फारसा परिचित नव्हता. त्याच्या चित्रकथेचे व ॲनिमेचे इंग्रजी अवतार व्हिझ या कंपनीकडून नुकतेच येऊ लागले होते. ज्याचे नाव कोणी ऐकलेले नाही अशा पात्रासाठी ग्राहक पैसे मोजणार नाही, हा व्यापारी हिशेब समजण्याजोगा आहे. 'स्ट्रीट फायटर'शी साधर्म्य असलेले नाव दिले की दुकानात हात आपोआप त्या खोक्याकडे जाईल, असाही विचार त्यामागे असू शकतो.

परंतु स्टीव्हनला कोणत्याही कुंडाचा शाप नाही. त्याच्यावर पाणी पडले तर तो फक्त भिजेल. त्याचे लग्न कोणी परस्पर ठरवलेले नाही, त्याच्या वडिलांचा पांडा होत नाही आणि तो समोरच्याशी का लढतो याला काही कारण नाही. मूळ खेळातील उणिवा पात्रांवरील लोभामुळे जपानी मुलांनी पोटात घातल्या असतील; अमेरिकेतील खेळाडूपुढे मात्र केवळ उणिवाच उघड्या पडल्या. 'स्ट्रीट कॉम्बॅट' त्या काळातील सामान्य प्रतीच्या खेळांत गणला जातो, यात नवल नाही.

त्याच वर्षाअखेर दुसरा खेळ 'रान्मा १/२ : हार्ड बॅटल' या नावाने डीटीएमसी या लहानशा कंपनीने अमेरिकेत प्रसिद्ध केला. युरोपात तो ओशन या ब्रिटिश कंपनीकडून आला. या वेळी आवाज इंग्रजीत झाले, मजकूर इंग्रजीत झाला, पण रान्मा रान्माच राहिला, शाम्पू शाम्पूच राहिली आणि पांडा पांडाच राहिला. अमेरिकेतील ॲनिमेच्या चाहत्यांच्या एका पिढीला 'हार्ड बॅटल' आजही आठवतो. 'स्ट्रीट कॉम्बॅट' आठवतो तो मुख्यतः काय करू नये याचे उदाहरण म्हणून.

नाव बदलणे आणि गाभा काढणे

यावरून परक्या कृतीची नावे कधीच बदलू नयेत असा निष्कर्ष काढला तर तो घाईचा ठरेल. मराठी रंगभूमीचा अनुभव त्याच्या उलट आहे. पु. ल. देशपांडे यांनी बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून 'ती फुलराणी' लिहिले आणि १९७५ मध्ये ते रंगमंचावर आले, तेव्हा लंडनची एलायझा मुंबईची मंजुळा झाली. नाव, गाव, वेश, शिव्या सारे बदलले. तरीही उच्चारावरून माणसाची पायरी ठरवणाऱ्या समाजाची थट्टा हा नाटकाचा गाभा जसाच्या तसा राहिला. किंबहुना मराठी प्रेक्षकाला तो अधिक टोचला. 'मोरूची मावशी' हे ब्रँडन थॉमस यांच्या १८९२ च्या इंग्रजी फार्साचे रूपांतर आहे, याची आठवणही प्रेक्षकाला होत नाही, इतकी ती मावशी इथली झाली आहे.

कुवेतातही याचे एक नामांकित उदाहरण घडले. आखाती देशांच्या संयुक्त कार्यक्रमनिर्मिती संस्थेने कुवेतात 'इफ्तह या सिमसिम' ही बालमालिका तयार केली आणि १९७९ मध्ये ती सुरू झाली. अमेरिकेतील 'सेसमी स्ट्रीट'चा तो अरबी अवतार होता. मूळ मालिकेतील पिवळ्या प्रचंड पक्ष्याच्या जागी येथे उंटासारखा दिसणारा नुमान आला. पण मुलांना हसवत अक्षरओळख करून देणे हा मूळ हेतू कायम राहिला आणि प्रमाण अरबी भाषेमुळे ती मालिका अनेक अरब देशांत पाहिली गेली. १९९० च्या इराकी आक्रमणानंतर ती थांबली. २०१५ मध्ये तिचे पुनरुज्जीवन अबू धाबीतून झाले, तेव्हाही नुमान सोबत होता.

मंजुळा आणि नुमान यशस्वी झाले, स्टीव्हन झाला नाही. फरक नावाचा नाही. पहिल्या दोघांना घडवणाऱ्यांनी मूळ कृती कशावर उभी आहे ते ओळखले आणि ते सोडून बाकीचे बदलले. स्टीव्हनला घडवणाऱ्यांनी बाहेरचा सांगाडा ठेवला आणि ज्यासाठी तो उभारला होता तेच काढून टाकले. कुंडाचा शाप अमेरिकी मातीत रुजवता आला असता. एखादी झपाटलेली विहीर, एखादा जादूचा झरा पुरेसा होता. तेवढा प्रयत्न झाला नाही.

आखातातील पडदा

१९८० आणि १९९० च्या दशकांत आखातातील मुले जपानी मालिका अरबी आवाजांत पाहत मोठी झाली. घरगुती संगणक आणि खेळ यांच्या बाबतीत तर कुवेताचे स्वतःचे योगदान आहे. मोहम्मद अल-शारिख या कुवेती उद्योजकाच्या अल-आलमिया कंपनीने 'सख्र' या नावाने जपानी एमएसएक्स पद्धतीच्या संगणकांना अरबी लिपी दिली. पुढे सख्रचे एएक्स-६६० आणि एएक्स-९९० असे संगणक निघाले, ज्यांत एमएसएक्स संगणक आणि सेगाचे मेगा ड्राइव्ह हे खेळयंत्र एकाच पेटीत होते. अभ्यास आणि खेळ यांचा असा अधिकृत समेट घरोघरीच्या मुलांना किती सोयीचा वाटला असेल, हे पालकांना सांगायला नको. अल-शारिख २०२४ मध्ये निवर्तले. अरबी भाषेला संगणकावर आणणारे अग्रणी म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

अहमदी शहराची घडणही परक्या गोष्टी आपल्याशा करण्याच्या अनुभवातूनच झाली आहे. १९३८ मध्ये बुरगान येथे तेल सापडले, १९४६ मध्ये निर्यात सुरू झाली आणि कुवेत ऑइल कंपनीने वाळवंटात हे बागबगीच्यांचे नगर वसवले. त्याला शेख अहमद अल-जाबर अल-सबाह यांचे नाव मिळाले. ब्रिटिश वळणाची घरे, भारतीय कारकून व तंत्रज्ञ आणि अरबी नाव यांनी मिळून हे गाव बनले. आज कुवेतात सुमारे १० लाख भारतीय आहेत आणि अहमदी प्रांताच्या किनारपट्टीवरील वस्त्यांत त्यांची मोठी संख्या आहे. येथील मराठी मूल घरी मराठी, शाळेत इंग्रजी, मित्रांत हिंदी किंवा मल्याळम आणि दुकानात थोडी अरबी ऐकते. कोणत्या ठिकाणी आपले काय बदलायचे आणि काय राखायचे, हा प्रश्न त्याच्यापुढे पुस्तकातून येत नाही, वर्गातील हजेरीच्या वेळी आपल्या नावाचा उच्चार ऐकताना येतो. उच्चार थोडा इकडेतिकडे झाला तरी नाव आपलेच राहते. ते टाकून सोयीचे दुसरे घेण्याची वेळ आली, तर स्टीव्हनची गोष्ट आठवण्याजोगी आहे.

जुना खेळ आज कुवेतात चालवताना

परवान्यावर आधारलेले जुने खेळ नव्या यंत्रांवर सहसा परत येत नाहीत. लेखक, प्रकाशक, दूरचित्रवाणी आणि खेळकंपनी अशा अनेकांच्या संमत्या पुन्हा जुळवाव्या लागतात. त्यामुळे संग्राहक मूळ कार्ट्रिजच्या शोधात असतात. जपानभेटीत जुन्या खेळांच्या दुकानातून ते घेऊन येणाऱ्यांनी पुढील बाबी पाहाव्यात.

वीज : जपानमध्ये घरगुती वीज १०० व्होल्ट आहे, कुवेतात २४० व्होल्ट. सुपर फॅमिकॉमचा मूळ अडॅप्टर येथील सॉकेटमध्ये थेट लावल्यास तो जळेल. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर वापरावा किंवा यंत्रास योग्य असा १० व्होल्ट डीसीचा अडॅप्टर जाणकाराकडून घ्यावा. पिनची ध्रुवता तपासल्याशिवाय दुसरा कोणताही अडॅप्टर जोडू नये.

चित्र : जपान व अमेरिकेत एनटीएससी पद्धत, तर कुवेतात आणि युरोपात पाल पद्धत रूढ होती. अनेक नव्या टीव्हींना दोन्ही समजतात. जुन्या टीव्हीवर मात्र चित्र कृष्णधवल दिसू शकते किंवा सरकू शकते. पाल यंत्रावर सेकंदाला ६० ऐवजी ५० चित्रे दाखवली जातात. त्यामुळे योग्य फेरफार न केलेला खेळ सुमारे सहाव्या हिश्शाने मंद चालतो. फायटिंग गेममध्ये हा फरक हाताला लगेच जाणवतो.

कार्ट्रिज : जपानी व युरोपीय कार्ट्रिजचा आकार सारखा असला तरी आतील कुलूपचिप वेगळी असते, एक दुसऱ्याच्या यंत्रात बसते, पण चालत नाही. अमेरिकी कार्ट्रिज आकारानेच वेगळे आहे. 'चोगी रान्बुहेन'साठी जपानी यंत्रच घ्यावे. मजकूर जपानीत असला तरी लढती खेळण्यास वाचनाची गरज भासत नाही.

हवामान : उत्तर कुवेतातील मित्रिबा येथे जुलै २०१६ मध्ये ५३.९ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले. उन्हाळ्यात बंद मोटारीत किंवा गच्चीवरच्या खोलीत कार्ट्रिज ठेवल्यास प्लास्टिक वाकण्याचा व लेबल सुटण्याचा धोका असतो. धुळीच्या वादळानंतर यंत्र झाकून ठेवावे. संपर्कपट्टी तोंडाने फुंकून साफ करण्याची जुनी सवय सोडावी. फुंकरीतील ओलाव्याने धातू गंजतो. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हलकेच पुसणे योग्य.

अस्सलपणा : लोकप्रिय कार्ट्रिजच्या नकला बाजारात असतात. 'स्ट्रीट कॉम्बॅट'चे खोके पाहून 'रान्मा'चा खेळ म्हणून अधिक किंमत मोजू नये. तो त्याचाच भाऊ असला तरी चेहरा निराळा आहे.

पालकांसाठी

खेळांतील मारामारी चित्रमय व रक्तहीन आहे. मूळ चित्रकथा आणि जुनी ॲनिमे मात्र लहान मुलांसमोर विचार करूनच लावावी. देहबदलाच्या प्रसंगांत अनावृत चित्रे येतात आणि हाप्पोसाई हा म्हातारा गुरू स्त्रियांची अंतर्वस्त्रे चोरत फिरतो. १९८० च्या दशकातील जपानी विनोदाला ते हसण्यासारखे वाटत असे; आजच्या घरात त्यावर बोलावे लागेल. किशोरवयीन मुलांसोबत पालकांनी पहिले काही भाग स्वतः पाहिले तर मुलगा-मुलगी यांच्याकडून वेगवेगळ्या अपेक्षा का केल्या जातात, हा विषय आपोआप निघतो. तोच रान्मा मुलगी झाला की त्याच्याशी बोलण्याचा इतरांचा सूर कसा बदलतो, हे ताकाहाशी हसत हसत दाखवतात आणि त्यावर व्याख्यान देत नाहीत.

'हार्ड बॅटल'मध्ये दोन्ही रान्मा शेजारी शेजारी उभे असतात आणि खेळाडूला त्यांतून एक निवडावा लागतो. दोघांचे नाव एकच असते. एवढी गोष्ट राखली गेली म्हणून तो खेळ तीस वर्षांनंतरही शोधला जातो.